बाराव्यासाठी फोटो

दिवा (पूर्व)
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

गण्या,

कसा आहेस? आईला माझा नमस्कार सांग. बाबांना सांगू नकोस, उगाच कोणाचा म्हणून विचारतील. आमच्याकडे सगळं ठीक. चार दिवस नळाला पाणी नाही, म्हणजे नेहमीसारखंच.

पत्र बघून हसू नकोस. तू मला फोनवर सगळीकडे ब्लॉक केलंयस, मग दुसरं काय करू? आपला सिद्धेश तेवढा दोघांशी बोलतो. तो म्हणाला, लिहून दे, मी होडीवर पोचवतो.

तुझी आजी गेली ते मला शनिवारी दुपारीच कळलं. मी आलेलो. मोठागावच्या जेट्टीपर्यंत. होडीवाला म्हणाला, "येतंस का रं? बस." मी म्हणालो, नाही, सहज आलोय. कोणी गेल्यावर जेट्टीवर सहज येतं का कोण? पण तुमच्या खारजू बेटावर परत पाय ठेवणार नाही असं मीच तुला ओरडून सांगितलेलं, वर शिवी घालून. मग अलीकडेच उभा राहिलो. बेटावर धूर दिसला, तेव्हा घरी आलो.

आता मुद्द्याचं. काल सिद्धेशकडून तुझा निरोप मिळाला. 'आजीचा तो फोटो मोठा करून पाठव, बाराव्याला लावायचाय. दर्शनाला, माझ्या बहिणीला, त्यातून काढून टाक.' बस? दोन महिने तोंड बघायचं नाही आणि डायरेक्ट ऑर्डर? मी काय तुमच्या घरचा फोटोवाला आहे?

बरं, होतो. आठ महिने होतो. आणि मला बेटावर नेणारा कोण? तूच ना? कॉलेजात तूच म्हणालेलास, "आमच्या इथं येऊन बघ, तेरा घरं, चारी बाजूंनी खाडी, प्यायचं पाणी कॅनमधून होडीने येतं." आलो आणि अडकलो. तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. घरी सांगितलं, खारजूच्या माणसांचं रोजचं जगणं टिपणार, पुस्तक करणार. पप्पा म्हणाले, "भांडी घासतात, मासे साफ करतात, भांडतात. ते आपल्या चाळीत दिसत नाही का तुला? त्याला होडी कशाला लागते?" मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

पहिला दिवस तुला आठवतो? ओहोटी होती. होडी टेकायच्या आधी मी हिरोसारखी उडी मारली आणि गुडघाभर चिखलात रुतलो, कॅमेऱ्याची बॅग डोक्यावर. तू होडीत बसून दात काढत होतास. आजीच आली पुढे. म्हणाली, "आदी ती पेटी दे, मंग तू ये." आणि मनगट धरून मला असं ओढलं की माझी एक चप्पल अजून तिथेच असेल.

दुपारी तिनेच जेवायला वाढलं. वाढता वाढता आडनाव विचारलं. मी सांगितलं. तुझे बाबा जेवायचे थांबले. आजीने माझ्या ताटात अजून एक तुकडी टाकली नि म्हणाली, "काटं हायत, जपून खा." विषय संपला.

तुझ्याकडून तो संपला नाही. डिसेंबरात जेट्टीवर तू जो शब्द वापरलास तो मी इथे लिहिणार नाही. लिहिला तर कागद फाडावा लागेल. मी तुला ढकललं, तू चिखलात पडलास, त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. वाईट एवढंच की मी ओरडलो, "तुमच्या घरचा एकही फोटो तुम्हाला मिळणार नाही." तेव्हा काय माहीत, आजीचा लागेल म्हणून.

सिद्धेशने मला कारणपण सांगितलं. बाराव्याला मानपाड्याचे पाहुणे येणारेत. दर्शनाच्या लग्नाचं तिथेच बोलणं चाललंय. तो फोटो त्यांनी बघितला तर प्रश्न विचारतील.

विचारतीलच. तू नाही का बघितलास आणि तुला सगळं कळलं? ओटीवर दोघी बसल्यायत. आजीला सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून दर्शना ओवतेय. सुई उजेडाला धरलीय आणि त्याच्या पलीकडून ती कॅमेऱ्याकडे बघतेय. कॅमेऱ्याकडे नाही. तू तेव्हा घरी नव्हतास. आजी मला म्हणाली, "माजा फोटू कनाला कारतंस रं? जिचा कारायचा हाय तिचा कार ना!" आणि दर्शनाच्या डोक्यावर टपली मारून जी हसत सुटली. तोच तो फोटो.

म्हणजे आजीला माहीत होतं. तुझ्या आधी, बहुतेक माझ्यापण आधी.

आता दर्शनाला कापायचं तर आजीचा हातपण कापावा लागतो, तो तिच्या डोक्यावर आहे. थोट्या आजीला भिंतीवर टांगणार का तू? मी नाही कापणार. लावायचा तर आख्खा लाव, नाहीतर आधार कार्डावरचा लाव. पाहुण्यांना जे समजायचं ते समजू दे.

सुमित


खोपट, ठाणे
सोमवार, १० फेब्रुवारी

गणू,

गुरुवारचं पत्र सिद्धेशने अजून दिलेलं नाही. मुद्दाम ठेवून घेतलं म्हणे, "तुझं डोकं थंड होऊ दे." मी त्याला शिव्या घातल्या. आता दोन्ही एकत्र पाठवतोय. पहिलं आधी वाच. त्यातलं काहीच खोटं नाही, फक्त अर्धंच आहे.

मी हल्ली डेपोसमोरच्या फोटो लॅबमध्ये काम करतो. पासपोर्ट साइज, हनुवटी वर करा, कान दिसू द्या. मालक गुरुदत्तकाका. शनिवारी त्यांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? दहा मिनिटांत पोरगी गायब करतो. आजीला नवा हात लावू, मागे गुलाबी पडदा टाकू." माझं टाळकं सटकलं. म्हणालो, काका, तुमच्या आजीला लावा पडदा. ते शांतपणे म्हणाले, "बाळा, ओरडू नकोस. मोठा करून बघ आधी. तुझी आजी मला धड दिसतच नाहीये."

मोठा केला. गण्या, आजीचा चेहरा हललाय. फोनवर कळत नव्हतं. दर्शनाच्या पापण्या मोजता येतात, सुईचं नेढं स्पष्ट आहे, आणि आजी मागे नुसती पुसट. कारण मी फोकस तिच्यावर केलाच नव्हता.

मग बाकीचे काढले. सहाशे बारा. दुसरा सापडेल म्हणून एकेक बघत गेलो. पाण्याचे कॅन उतरवताना, जवळा वाळत घालताना, तुझे बाबा जाळं शिवताना, आई चुलीशी. सगळीकडे आजी आहे. कडेला, अर्धी, पाठमोरी, दाराआड. एका फोटोत नुसतं लुगडं. आणि मधोमध दर्शना. ती नसेल तिथे तिची चप्पल, तिची वाळत घातलेली ओढणी.

आठ महिने त्या बाईच्या हातचं जेवलो. तिचा एक फोटो मी काढला नाही रे.

पप्पांना, तुला, सगळ्यांना सांगत सुटलेलो, रोजचं जगणं, पुस्तक, अमुक तमुक. पुस्तक नव्हतंच. मला होडीत बसायला कारण हवं होतं. तू मला दोस्त म्हणून घरात घेतलंस आणि मी तुझ्याच ओटीवर बसून तुझ्यापासून लपवलं. त्यासाठी तू चिडलास ते बरोबर. तो शब्द मात्र बरोबर नाही, कधीच नाही, त्याचं आपण समोरासमोर बघू.

पाकिटात तीन गोष्टी आहेत. पहिली, आधार कार्डावरचा फोटो. सिद्धेशने तुझ्या आईकडून आणून दिला. काकांनी आणि मी मिळून साफ केलाय, पडदा नाही टाकला. आजी घाबरल्यासारखी दिसतेय, पण डोळे तिचेच आहेत. बुधवारी पाहुण्यांसमोर हा लाव. दर्शनाकडे कोणी बोट दाखवणार नाही.

दुसरी, मेमरी कार्ड. सगळे सहाशे बारा त्यात आहेत, माझ्याकडे एकही ठेवलेला नाही. ते दर्शनाच्या हातात दे. जपायचे की खाडीत टाकायचे ते ती ठरवेल. तू नाही, मी नाही, मानपाड्याचे तर नाहीच नाही. लग्नाचंपण एकदा तिलाच विचार. दोन महिने तिचा आवाज ऐकला नाही मी, म्हणून तिच्या मनात काय आहे ते माझ्या मनाने लिहीत नाही. फार कठीण जातंय, पण नाही लिहीत.

तिसरी, बारा बाय अठराची प्रिंट. त्याच फोटोतून काढलीय. त्यात नुसता आजीचा हात आहे. दर्शनाच्या केसांवर होता म्हणून तेवढाच फोकसमध्ये आला. नखातला चिखल दिसतो, हिरव्या बांगड्या दिसतात, अंगठ्यावरचा कोयतीचा व्रण दिसतो. खाली थोडे काळे केस आहेत, ते कोणाचे ते पाहुण्यांना कळणार नाही. हा घरात लाव. याच हाताने तिने मला चिखलातून ओढलेलं.

आडनावासकट सही करतोय. तिने विचारलं तेव्हापण आख्खंच सांगितलेलं.

तुझा,
सुमित साळवे