तिसरी घागर

अक्षय तृतीया, संध्याकाळ

डोकं उठलं आहे नुसतं. ती फ्रेंच मालिका आज संपवली, आईला शेजारी बसवून. समुद्रकाठचं ते घर, नायिकेचा गप्प चेहरा... समोरून उठवतच नाही, हे मान्य. पण रहस्य काय, तर वडिलांना आणखी एक मुलगी होती! घरात सगळ्यांना ठाऊक, आणि एकजण तोंड उघडेल तर शपथ. पहिल्याच भागात नायिकेला कपाटात लहान मुलीचा फ्रॉक सापडतो. अगं, विचार ना आईला, कोणाचा म्हणून! नाही. सहा भाग तो फ्रॉक पिशवीत घेऊन गावभर फिरते. मी वैतागून म्हणालो, "एका प्रश्नाचं काम, काहून इतकं ताणून राहिले?"

आई म्हणाली, "इचारवत नसन गा तिले." आणि स्वयंपाकघरात गेली.

सकाळी पितरांच्या नावाने पुजलेल्या घागरी तिथेच आहेत. एक आजोबांची, एक आजीची. तिसरी अगदी लहान. दरवर्षी असते. पन्नाशी आली माझी, ती कोणाची हे कधी विचारलं नाही.

आज विचारायचंच म्हणून उठलो. माठातलं पाणी प्यालो आणि परत आलो.