मशीन पुष्पाला, स्टूल भैय्यालालला

मी, कुंताबाई श्यामराव लांजेवार, वय एकसष्ट, राहणार पवनी, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवते. दम्याने छाती भरते, पण डोके साफ आहे. लिहा म्हणून कुणी मागे लागले नाही. लिहू नका म्हणून सांगायला मात्र पुतण्या भैय्यालाल तीनदा येऊन गेला.

१. पवनीचे दोन खोल्यांचे घर धाकटी बहीण रंभाबाई हिला. कोंबड्या तिने अंगणातच ठेवाव्यात. एवढे एकदा तरी माझे ऐकावे.

२. आमच्या फिरत्या टॉकीजचे मशीन, जनरेटर, तंबू आणि पडदा पतीने मरणापूर्वी माझ्या नावे करून दिले. ते सर्व मी रंभाबाईची मुलगी पुष्पा हिला देते. भैय्यालालचे म्हणणे, "काकाचं मशीन हाय, पोरीच्या हाती कायले?" म्हणून खरे काय ते लिहिते. १९७१ साली पतीची नजर गेली. तेव्हापासून आसगावच्या मंडईच्या जत्रेत असो की पवनीच्या बाजारात, प्रत्येक खेळ मी चालवला. केबिनचे दार लावून, साडीवर त्यांचा सदरा चढवून. फिल्म तुटली की लोक श्यामरावच्या नावाने शिव्या देत, त्या मी खाल्ल्या. खेळ रंगला की शाबासकी त्यांना मिळे. त्यांना ते बरे वाटत नसे, हेही लिहिले पाहिजे. माझ्या नावाने परवाना मागायला आम्ही दोघे कचेरीत गेलो होतो. तिथले साहेब म्हणाले, "बाईले कोन परवाना देते? गरम मशीन असते, पदर जळन." कामाला लागताना बाई पदर खोचते, हे त्यांनी घरीही कधी पाहिले नसावे.

३. १९८० साली पती गेले आणि परवाना भैय्यालालच्या नावाने काढावा लागला. त्याने परीक्षा कशी पास केली ते मी विचारले नाही. चार वर्षे तो केबिनबाहेर स्टुलावर बसला आणि तपासणी आली की आत येऊन उभा राहिला. फिल्म जोडता त्याला आजही येत नाही. पण त्याच्या कागदाशिवाय खेळ होत नव्हता, आणि माझ्यामागे मशीन त्याच्याच घरी जाईल ही धास्ती मला दम्यापेक्षा जड होती. मागच्या महिन्यात पुष्पा नागपूरला परीक्षेला बसली. तपासणाऱ्याने तुटकी फिल्म दिली, ती त्याचा चहा संपायच्या आत तिने जोडली. परवाना तिच्या नावाने आला. तो हातात घेऊन मी रडले, मग हसले, मग ताटभर भात जेवले. स्टूल भैय्यालालला देते. सागवानी आहे, टिकेल.

४. पुष्पाला एकच अट. बायकांना पडद्यामागे बसवायचे नाही. मालकाची बायको असून मीही वर्षानुवर्षे मागूनच सिनेमा पाहिला. सिनेमातल्या बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात अशीच माझी समजूत. पतीची नजर अधू होऊ लागली आणि मी केबिनमध्ये पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा मी ओरडले, "अजी, रीळ उलटं लावलं ना तुमी." ते म्हणाले, "रीळ सुलटंच हाय वो. तूच आजवर मांगून पाहून राहिली होती." आम्ही दोघे हसलो, पण मला वाईट वाटले होते. समोरची अर्धी जागा बायकांची राहील.

आता माझ्या मनावर कसलेही ओझे नाही. हा मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

साक्षीदार:
१) डोमा नत्थू भुरे, पवनी. सही.
२) सत्यभामाबाई यादोराव हटवार, पवनी. सही.

ठिकाण पवनी, दिनांक ९ जुलै १९८४

लिहून ठेवणार: कुंताबाई श्यामराव लांजेवार. सही.
धंदा: सिनेमा ऑपरेटर. (या जागी अर्जनवीसाने न विचारता 'घरकाम' लिहिले होते. ते मी खोडायला लावले. खाडाखोड मला मान्य आहे.)