लंबूला श्रद्धांजली

दि. १७ जानेवारी, दुपार

भाऊजींना वहिनीचा नमस्कार.

तुम्ही दोघं बरे असाल. असालच, परवा फोनवर आवाज तरी खणखणीत होता. इकडे मी ठीक आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी उशांचे अभ्रे पिळत होते. दूध तापत ठेवलेलं, एक कान तिकडे. ह्यांच्या उशीवर आता कुणी डोकं टेकत नाही, तरी तिचा अभ्रा बाकीच्यांबरोबर निघतो आणि धुतला जातो. हात थांबत नाहीत. तेवढ्यात फोन वाजला. क्रीडा पुरस्कारांच्या कार्यालयातून कुणी गृहस्थ बोलत होते. म्हणाले, दरवर्षी समारंभात, त्या वर्षी गेलेल्या खेळाडूंचे फोटो पडद्यावर दाखवतात, लोक उभे राहतात. ह्यांचा खेळतानाचा एखादा फोटो मिळेल का? आणि मी यावं, खुर्ची राखून ठेवतो. मी "बरं" म्हणेपर्यंत दूध उतू जाऊन शेगडी विझली होती.

फोटो घरात पुष्कळ. पण सगळ्यात हे स्वेटर घालून, चष्मा लावून, कुणाच्या तरी मुंजीला आल्यासारखे बसलेले. धावतानाचा एकच निघाला, सरावाचा. पुढे तुम्ही, मान सरळ, हात मागे केलेला. मागून हे रिलेची बॅटन पुढे करताहेत. दोघंही हसताय, धावताना माणूस हसतो हे मी त्यातच पाहिलंय. तोच दिला. पाठीमागे पेन्सिलीनं दोघांची नावं लिहिली, डावीकडून कोण, उजवीकडून कोण. म्हटलं, ओळखायला चूक नको.

भाऊजी, माझी काळजीच नडली. तिथल्या माणसानं मागची नावं वाचली आणि दोघांनाही गेलेल्यांत घातलं.

सभागृह तुम्ही टीव्हीवर पाहिलंतच. आतून ते इतकं चकचकीत वाटत नाही. खुर्च्या खोल आहेत, एकदा बसलं की उठायला आधार लागतो. माझ्या शेजारी वजन उचलणारी मुलगी होती, या वर्षीची सर्वोत्तम खेळाडू. नव्या बुटांनी चावे घेतले म्हणून तिनं ते खुर्चीखाली सारून ठेवले होते.

"आजी, तुम्ही कुठल्या खेळातल्या?" तिनं विचारलं.

"मी? मी रिले. नवरा धावायचा, मी डबा घेऊन मागे."

खो खो हसली. म्हणाली, "मग पदक तुम्हालाच द्यायला हवं. माझी आई नुसता डबा देत नाही, सोबत सूचनाही देते." अशी मुलगी. आपल्या वेळी पोरं समारंभाला गेली की खांब गिळल्यासारखी बसायची.

मग दिवे मंद झाले. एकेक फोटो येऊ लागला. शेवटी आमचा आला, भिंतीएवढा. निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "रिलेच्या मैदानावरचे दोन जिवलग मित्र. आज दोघंही आपल्यात नाहीत." आणि खाली दोन्ही नावं. सगळं सभागृह उभं राहिलं. पहिल्या रांगेतले मंत्रीसुद्धा.

मला काय झालं सांगता येत नाही. ह्यांचं नाव तिथं पाहायची मनाची तयारी करून गेले होते. तुमचं पाहायची नव्हती. मी खुर्चीचा हात धरून उठले आणि ओरडले, "अहो, लंबू जिवंत आहेत!" तुमचं खरं नाव त्या क्षणी तोंडात आलंच नाही. ह्यांच्या तोंडून आयुष्यभर लंबूच ऐकलं ना.

निवेदिका थांबली. कुणीतरी "शू" केलं. तेव्हा ती मुलगी अनवाणीच उभी राहिली आणि मैदानावरचा आवाज काढून म्हणाली, "आजी म्हणतायत, उंच आहेत ते जिवंत आहेत!" मग अर्धे लोक बसले, अर्धे तसेच उभे. मंत्री बसता बसता पुन्हा उठले. दोघांपैकी एकासाठी तरी उभं राहायला हवंच होतं की.

मी बाहेर येऊन व्हरांड्यातून तुमच्याकडे फोन लावला. नंबर ह्यांच्या डायरीत होता. किती वर्षांचा जुना, पण लागला. तुमच्या मंडळींनी उचलला.

"बरे आहेत ना भाऊजी?" मी धापा टाकत विचारलं.

"त्यांना काय धाड भरलीय? टीव्हीपुढे बसलेत. स्वतःसाठी उभं राहायचं की बसून चालेल, मला विचारतायत."

मग तुम्ही फोनवर आलात. इतक्या वर्षांनी. मला वाटलं रागवाल. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुमची हाक इथपर्यंत ऐकू आली." आणि मग, वेगळ्याच आवाजात, "तो कधी गेला?"

तुम्हाला पडद्यावरूनच कळलं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, सहा महिने झाले. व्हरांड्यातून वेटर ट्रे घेऊन जात-येत होते. मी फोन ठेवला. जे बोलायचं होतं ते राहिलं, म्हणून हे पत्र.

मी तुम्हाला कळवलं नाही, कारण ह्यांनी हात धरून सांगितलं होतं, "लंबूला कळवू नकोस. तो येईल. आणि मला त्याला तोंड दाखवता येणार नाही." म्हणजे काय, ते मला आधीच एका दुपारी समजलं होतं. मी त्यांची नखं कापत होते. आजारपणात नखं फार भराभर वाढायची. मान खाली घालून मी माझी कात्री चालवत होते, आणि हे छताकडे बघत म्हणाले, "अगं, त्या दिवशी मी हाक दिलीच नव्हती."

मला वाटलं, तापात बरळतायत. मग ते त्या पदक हुकलेल्या शर्यतीचं सावकाश सांगत गेले. घ्यायच्या माणसानं मागं बघायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तो पुढे बघून पळत सुटतो, आणि मागच्यानं "हात!" म्हणून ओरडलं की मगच हात मागे करतो. सगळी भिस्त त्या एका ओरडण्यावर. "घसा कोरडा पडला होता," हे म्हणाले. "पुढे लंबू वाऱ्यासारखा सुटलेला. मला वाटलं हा निसटतोय. मी हाक न देताच बॅटन पुढे खुपसली. त्यानं अंदाजानं हात मागे आणला, ती त्याच्या अंगठ्यावर आपटून पडली."

"मग शर्यतीनंतरच्या चौकशीत काय सांगितलंत?" मी विचारलं.

"हाक दिली होती, म्हणालो."

"आणि भाऊजी?"

"तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, मला ऐकू आली नसेल."

एवढं सांगून ते भिंतीकडे वळले. उरलेली नखं मी दुसऱ्या दिवशी कापली.

लग्न होऊन आले तेव्हा मला धड वाचता येत नव्हतं, तुम्हाला आठवत असेल. खेळाच्या पानावर अक्षरं जुळवत शिकले मी. ‘उपांत्य’ आधी वाचता आलं, ‘आरोग्य’ नंतर. कुणाची मदत न घेता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलेली पहिली बातमी तुमचीच होती. ‘बहिऱ्या धावपटूमुळे पदक हुकले.’ वाचता आल्याचा मला इतका आनंद झाला होता की ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. हे जेवत होते. ताटावरून उठले. मला वाटलं, हरल्याचं दुःख आहे. मी छापलेलं सगळं खरं मानायची तेव्हा. पुढे खूप पुस्तकं वाचली, मग ती सवय गेली.

तुम्हाला संघातून काढलं. लोक मैदानावर तुम्हाला बघून कानावर हात ठेवायचे. तुम्ही गाव सोडलंत. हे आणखी दोन हंगाम धावले, त्यांना नोकरी लागली, त्यावर आमची मुलं शिकली. जो भात मी आयुष्यभर वाढला त्यात तुमचा वाटा होता. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि ह्यांच्यावर राग येतो, आणि राग आला की त्यांची आठवण येते. तिन्ही एकदमच. तुम्ही हसाल, पण मी त्यांच्याशी स्वयंपाकघरात भांडते अजून. ते नेहमीसारखेच गप्प.

वाईट माणूस नव्हते हो. तुम्हालाही ते माहीत असणार, नाहीतर तुम्ही गप्प का राहिला असता? एकदा घाबरले, आणि मग आयुष्यभर घाबरलेलेच राहिले.

भाऊजी, एक काम मी तुम्हाला न विचारता केलंय. विचारलं असतं तर तुम्ही "जाऊ द्या वहिनी" म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. समारंभाच्या रात्री आयोजकांनी माफी मागितली आणि म्हणाले, उद्या वर्तमानपत्रात दुरुस्ती देऊ, मजकूर तुम्हीच सांगा, म्हणजे पुन्हा गोंधळ नको. मुलांना मी त्याच रात्री फोन करून सगळं सांगितलं. थोरला म्हणाला, "आई, तुला योग्य वाटतं ते कर."

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी माझा कागद दोनदा वाचला. म्हणाले, "बाई, पहिली ओळ पुरेशी आहे. दुसरीत तुमच्या यजमानांचीच बदनामी होते. इतक्या वर्षांनी कशाला?" मी म्हटलं, दोन्ही छापा. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, तुम्ही हयात आहात. दुसरीत लिहिलं होतं, त्या शर्यतीत माझ्या पतीनं हाक दिली नव्हती. खाली मी माझं नाव घातलं, आणि त्यापुढे त्यांची पत्नी, असं लिहून सही केली.

तुमची,
वहिनी