खंड्याचा डोळा

४ मार्च १९३५

दोन्ही डोळ्यांपुढे आजही धुकं. वैद्य म्हणाला, मोतीबिंदू. छापखान्याच्या लू मास्तरांना कळलं तर? अठ्ठावीस वर्षं छपाईच्या टेबलावर काढली, आता कागद कापायला बसवतील. नाही सांगायचं!

९ मार्च

नवं चित्र — कमळाच्या देठावर खंड्या. सव्वीस लाकडी ठसे, रंगागणिक वेगळा! निळ्याची चिंता नाही. ठशावर ब्रश फिरला की पाणी किती ते हातालाच कळतं. कमळाचं निळसर पान कडेला फिकट होत जातं, ते उन्हात धरून पाहिलं की अजून हरखते मी. कमळाला तर रंगच नाही. नुसत्या दाबाने कोऱ्या कागदावर पाकळीच्या शिरा उठतात.

घोर आहे तो शेवटच्या ठशाचा. डोळा! गडद निळ्या डोक्यावर तिळाएवढं काळं टिंब. केसभर सरकलं की सगळं पाण्यात.

१५ मार्च

झोप नाही.

२२ मार्च

आमचे जुने गिऱ्हाईक फांग साहेब आले. वसंतातला पितरांचा सण जवळ आला की येतात, सोबत तांदळाचे हिरवे गोळे. भिंतीवरची मागच्या वर्षीची मैना पाहून म्हणाले, "काय डोळा आहे हो! आत्ता शिव्या देईल." मास्तर मिशीत हसले — "आमच्या सूयिनबाईंचा हात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या तीस कागदांवर डोळे छापायचेत.

२३ मार्च

छापले. अंदाजाने! शाई लाव, कागद टेकव, पाठीवरून काथ्याने घास. मग मास्तर नेहमीसारखेच — "वाळत मी घालतो. तू जा घरी."

२४ मार्च

घात झाला! एक कागद टेबलाखाली पडलेला सापडला. दारात उन्हात नेऊन नाकाला टेकवला. खंड्याला डोळाच नाही! बाकीचेही असेच असतील तर? दोरीवरचे पाहायचे तर मास्तर समोरच. फांग साहेब परवा न्यायला येणार. आता टेबल गेलंच.

२५ मार्च

पहाटेच गेले. दोरीवर एकोणतीस कागद. एकेक उजेडात नेऊन पाहिला — प्रत्येकाला डोळा, जागच्या जागी! माझा ठसा उचलून बोट फिरवलं. सपाट. टिंब तासून टाकलेलं. मैनेचा जुना ठसा काढला. तोही सपाट.

मागे मास्तर उभे, हातात टिंब असलेला दुसरा ठसा. "तिसावा कुठंय? आण इकडे. निळा तुझ्यासारखा कुणाला जमत नाही, म्हणून डोळे मी छापतो. पण आता तुझ्यासमोर छापू दे, बाई. वर्षभर चोरून छापून कंटाळलो."