कोर्ट उठेपर्यंत

आबा,

तुमच्या अंगावर वर्दी असली की सगळं गाव तुम्हाला रामराम घालायचं, आणि वर्दी दोरीवर वाळत असली की जय भीम म्हणणारी आपली माणसं तेवढी थांबायची. लहानपणी मला वाटायचं, खाकी कपड्यात तुम्ही लोकांना जास्त ओळखू येता. एकदा विचारलंही होतं, की सुटीच्या दिवशी लोक तुम्हाला विसरतात का. दाढी करता करता तुम्ही हसलात आणि म्हणालात, "विसरत न्हाईत गं, रामराम मापून घालून राह्यले." त्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र राग यायचा, अजून येतो. तुमचा शांतपणा माझ्या वाट्याला आलाच नाही. आईचा चुलीपुढचा फणकारा तेवढा पुरेपूर आला. तेव्हा या लिहिण्यात कुठे आवाज चढला तर तो तिचा समजा.

लिहायला बसले आहे ते मामाच्या विहिरीवरच्या मोटारीच्या प्रकरणाविषयी. तेव्हा आपण तीर्थपुरीच्या अलीकडच्या एका बाजारगावात होतो. चौकी रस्त्याला आणि मागच्या खोलीत आपला संसार. आईचं माहेर तिथून चालत जाण्याइतकं जवळ, म्हणून ती खूश. मामाने विहिरीच्या भरवशावर मोसंबीची बाग धरली होती. आपल्या माणसांत तोवर बाग कुणाची नव्हती. आजोबा दुसऱ्यांच्या बागांना आळी करून देत म्हातारे झाले. पहिल्या बहाराची फळं मामाने फडक्यात बांधून आणली, ती आपण सोलायच्या आधी किती वेळ नुसती बघत बसलो होतो. आणि ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार चोरीला गेली. दुसरी मिळेपर्यंत झाडांनी फळं टाकली, मग पानं टाकली, मग ती नुसती उभी राहिली. मामा रोज जाऊन त्या वाळक्या झाडांत बसायचा. आई म्हणायची, घरात मयत झाल्यावर बसतात तसा बसतो.

आणि मग तो बाजाराचा दिवस. मी आईबरोबर मिरच्यांच्या ढिगापाशी उभी आहे. भंगारवाल्याच्या पालाकडून गलका येतो. मोटारीची तांब्याची तार विकायला आलेला माणूस कुणीतरी ओळखला आहे. परगावचा, काटकुळा, ऊसतोडीला जाणारा असावा. बघता बघता सगळा बाजार तिकडे लोटतो. ज्यांची मोटार गेली नव्हती तेही मारताहेत, ज्यांना विहीर नाही तेही. मध्ये मामा आहे, त्याच्या हातात बैलगाडीच्या जोखडाची शिवळ आहे, आणि त्याचा चेहरा मला ओळखू येत नाही. आई "आरं नको, आरं नको" म्हणत राहते. तिचा आवाज तिच्या स्वतःच्या कानापर्यंतही पोचत नसेल.

तुम्ही एकटेच आलात. काठीसुद्धा चौकीत राहिली होती. मला वाटलं तुम्ही आता ओरडाल, शिव्या द्याल, कारण पोलीस तेच करतात असं आम्हा पोरांना ठाऊक होतं. तुम्ही गर्दीतून वाकून आत शिरलात, त्या माणसाला उठवून बसवलंत, बेडीचं एक कडं त्याच्या मनगटात घातलंत आणि दुसरं स्वतःच्या. मग उभे राहिलात, म्हणजे त्यालाही उभं राहावं लागलं. आणि बेडीची चावी तुम्ही मामापुढे धरलीत.

"पाव्हणं, ही धरा. खिशात ठिवा."

"दाजी, सरका तुम्ही. आज ह्याला सोडत न्हाई मी."

"नका सोडू. म्हणून तर चावी तुम्हाला देऊन राह्यलो. तुमच्या हातानंच सुटंल ह्यो. पण आता ह्याला वढलं तर मीबी वढला जाईन, अन् ह्याला हाणलं तर निम्मं मला लागंल. चला, चौकीला जाऊ. जल्दी चला."

आबा, आपल्या घरात देव नव्हते. कुणापुढे हात जोडायची मला सवय नाही. पण त्या दिवशी माझे हात आपोआप वर आले होते, आणि आईने ते खाली दाबले, कारण बाजार बघत होता. माझ्या डोळ्यांसमोर अजून ते आहे: सगळी गर्दी मामाकडे बघतेय, मामा हातातल्या चावीकडे बघतोय, आणि तुम्ही घाई नसल्यासारखे उभे. मग मामाने शिवळ टाकली. तोच पुढे झाला, "वाट द्या, वाट द्या" म्हणू लागला. मागून कुणीतरी दगड मारला तो तुमच्या खांद्याला लागला. तुम्ही वळून बघितलं नाही. ज्याच्यासाठी तुम्ही दगड खाल्लात त्याने आपल्याच घरात चोरी केली होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात मावत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही जेमतेम मावतं.

इथवरची गोष्ट पुढे मामा स्वतः रंगवून सांगायचा. पण मला जास्त आठवतो तो त्याच दिवशीचा आपला स्वयंपाक. आई भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, खांदा सुजलाय. तुम्ही सहज सांगावं तसं सांगितलंत, की चोरीचा एक गुन्हा दाखल झाला आणि मारहाणीचा दुसरा. नात्यातलं प्रकरण म्हणून तपास दुसऱ्या जमादाराकडे दिलाय, पण ज्यांना मारताना बघितलं त्यांची नावं तुम्हीच सांगितलीत. त्यात मामाचंही आहे.

आईचा हात थांबला. "माझ्या पाठचा हाय त्यो."

"मी बघितलं की."

"बघितलं तर बघितलं! चोराला चौकीपस्तोर आणलं कुणी मंग? चावी कुणी सांभाळली? त्यो नसता तर तुमचंबी मढंच आलं असतं घरी."

"त्येबी सांगितलं. मारलं त्येबी, अन् आणलं त्येबी."

"दर साली जयंतीला मी माहेरी जाते. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

भाकरी तव्यावर करपली, खोलीभर धूर झाला. तुम्ही उठून भाकरी उलटलीत आणि परत जागेवर येऊन बसलात. आई तुमच्याशी त्यानंतर कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. मी तिच्या बाजूची होते. मामा मला खांद्यावर घेऊन बाग दाखवायचा, आणि तुम्ही त्याचं नाव चोराच्या नावाशेजारी नेऊन ठेवलंत. हे कसलं न्यायाचं वागणं, असं मला वाटायचं. बायकोच्या भावाला कोण धरून देतं?

मामा एकदाच आला. उंबऱ्याच्या आत आला नाही, पाणी घेतलं नाही. "दाजी, चोराला किती महिने बसवतेत?"

"ते कोर्ट ठरवंल."

"माझी बाग गेली. पोटच्या लेकरावानी वाढवल्ती. अन् त्यो चार-सहा महिन्यात बाहीर? ही कायद्याची रीत?"

"कोर्ट चोरीची शिक्षा देतं, पाव्हणं. बागेची भरपाई त्येच्या हातात न्हाई. माझ्याबी न्हाई. असती तर..." मामा पुढचं ऐकायला थांबला नाही. सांगू का, या मुद्द्यावर मी अजून निम्मी मामाच्या बाजूने आहे. झाड वाढवायला लागतो तो काळ कुठल्याच कलमात बसत नाही. पण उरलेला निम्मा भाग मला तालुक्याच्या कोर्टात कळला.

चोराला काही महिन्यांची कैद झाली. मग मामाचं प्रकरण निघालं. मामाने कबूल केलं, "मारलं मी." मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याला किरकोळ दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा दिली. मला आईने तुमच्याबरोबर पाठवलं होतं, मामाला आपलं कुणीतरी दिसावं म्हणून. ही कसली शिक्षा, मला हसूच आलं. शाळेत आम्ही रोज भोगतो की! पण मामा कोपऱ्यातल्या बाकावर बसला आणि बघता बघता तो बाक जड झाला. येणारा-जाणारा विचारायचा, हा कशातला? ओळखीचे लोक नजर चुकवायचे. बागवाला म्हणून ज्याला आताआता कुठे लोक हाक मारू लागले होते, तो माणूस मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत होता.

आणि तुम्ही जाऊन त्याच्या शेजारी बसलात. त्या दिवशी तुम्ही रजा काढली होती; अंगात पांढरा सदरा होता, वर्दी नव्हती. शिपाई येऊन म्हणाला, "जमादार, तुम्ही कामून इथं? बाहीर चला, चहा घेऊ." तुम्ही म्हणालात, "बसतो." बस्स, तेवढंच. कुठली कुठली प्रकरणं पुकारली गेली, पंखा फिरत राहिला, दुपारची सुटी होऊन गेली. आईने बांधून दिलेला डबा तुम्ही दोघांच्या मध्ये ठेवलात. मामाने त्याला हात लावला नाही, म्हणून तुम्हीही लावला नाहीत. मी मात्र मागे बसून माझी भाकरी खाल्ली आणि तुम्हा दोघांच्या पाठी बघत राहिले.

साहेब उठले, सगळे उभे राहिले, खोली रिकामी झाली. मामा तरी उभाच.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"आता कुणी काही म्हणायचं न्हाई?"

"बिलकुल न्हाई. बराबर फिटलं."

मामाने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग तो बाहेरच्या रांजणावर गेला, पाणी प्याला आणि दुसरा पेला भरून तुमच्यापुढे केला. "आक्काला सांगा, जयंतीला न्यायला येतो." रस्त्याने घरी येताना तुम्ही एकदम खूप बोलायला लागलात, कापसाविषयी, पावसाविषयी, माझ्या गणिताविषयी. बाजारात मारायला सगळे असतात, पण "झालं" म्हणणारा कुणी नसतो. तुम्ही आयुष्यभर वर्दी घालून त्या एका शब्दाची राखण केलीत असं मला वाटतं. मामाने चोराला कधी माफ केलं नाही, मरेपर्यंत मोसंबी दिसली की त्याचं तोंड उतरायचं. तशी सक्तीही त्याच्यावर कुणी केली नव्हती.

मी आता जालन्यात असते, एमआयडीसीत एका बियाण्याच्या कारखान्यात. तिथे पोलिसांविषयी जे बोललं जातं ते तुम्हाला ऐकवणार नाही. थोडं खरं असतं, थोडं चहाबरोबरचं फरसाण. मी तिथे माझ्या वडिलांचं नाव काढत नाही, कारण मग लोक एकदम गप्प होतात किंवा एकदम गोड बोलतात.

परवा आमच्या शेजारच्या लोखंडाच्या मिलपुढे गर्दी दिसली. सळयांचे तुकडे घेऊन जाताना एकाला धरलं होतं, फाटकाला बांधलं होतं. हात कमी आणि मोबाईल जास्त वर होते. एक पोलीस मुलगी मोटारसायकलवर एकटी आली, पंचविशीची असेल. लोक तिला ऐकवत होते, "मॅडम, तुम्ही नेता अन् उद्या सोडता, आम्हालाच निपटू द्या." ती म्हणाली, "सोडायचं का न्हाई ते कोर्ट बघंल. आत्ता मला ह्याला जिता न्यायचाय. सरका." आणि ती त्याच्याकडे पाठ करून, गर्दीकडे तोंड करून उभी राहिली, जीप येईपर्यंत तशीच. तिचे गुडघे थरथरत होते, आबा; मी जवळ होते, मला दिसत होतं. तुमचेही थरथरत होते का? हे मला कधी सुचलंच नव्हतं. तुम्ही घाबरला असाल हे पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, आणि तुम्ही मला होता त्याहून मोठे दिसायला लागलात.

जीप गेल्यावर मी तिला माझी पाण्याची बाटली दिली. ती म्हणाली, "काकू, तुम्ही एकट्याच मोबाईल न काढता उभ्या होत्या. घरात कुणी डिपार्टमेंटला हाय का?"

"वडील," मी म्हणाले.

"हो का! कुठं असतात ड्यूटीला?"

माझे केस पांढरे झालेत. माझ्या वडिलांचं निवृत्तीचं वयही कधीच उलटून गेलं असणार, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण ती दमली होती. तुमची शेवटची नेमणूक जिथे होती आणि जिथून आम्ही तुमचा देह घरी आणला, त्या गावाचं नाव माझ्या तोंडून निघून गेलं. "मंठ्याला."

"साहेबांना माझा जय हिंद सांगा," ती म्हणाली आणि निघून गेली.

तो निरोप सांगायला मी हे लिहिलं. टाकायला पेटी नाही, तेव्हा ते इथेच राहील. पण ड्यूटीवरच्या पोलिसाला मी धडधडीत खोटी माहिती दिली आहे, आबा, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. याला काय शिक्षा असते ते तुम्हीच सांगा. लेक म्हणून सूट देणार नाही, हे माहीत आहे मला.