सावळगव्हाणची सातवी

मु. सावळगव्हाण, स्टेशन जऊळका
ता. ८ जानेवारी १९३२

तीर्थस्वरूप मारोतदादा यांस,
धाकट्या गोजराचा शि. सा. न. वि. वि.

आमी सारे खुशाल हावो. चतुरावहिनीचा खोकला कसा हाये ते कळवजो. तू स्वतःहून लिहिणार नाहीस, तुह्या पत्रात नुसती शाळाच असते.

आता माह्या पत्रातही शाळाच हाये, हसू नको. मंदी आली म्हणून बोर्डानं खर्च कापला. इथले दोन मास्तर दिवाळीत कमी केले, अन् सातही वर्ग यायच्या एकट्याच्या गळ्यात पडले. हे पहिलीले गिरवाले लावतात तोवर सातवीवाले खिडकीतून बाहेर. पोरं कच्ची राह्यली तर यायचा काय दोष? अन् पुढल्या सोमवारी डिप्टीसाहेब तपासणीले येऊन राह्यले.

दर साली देतोस तशी तुही दोन हुशार पोरं दोन दिवसांसाठी पाठव. गैरहजर पोरायच्या नावावर बसतील. लग्नाले भांडी उसनी देतात तसंच हे, असं तूच म्हणत होता. पोरायले तुरीच्या सोल्याची भाजी करून घालीन.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी गोजरा


मु. आंबटेक, पोष्ट मेडशी
ता. १२ जानेवारी १९३२

चि. सौ. गोजरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. वहिनीचा खोकला बरा हाये, जीभ तर कधी बिमार पडलीच नव्हती. गुलाबरावायले सांग, बायकोकडून पत्र लिहून घेतलं की मेहुणा नाही म्हणत नाही, हे त्यायले चांगलं समजलं.

सेवालाल अन् लखीराम रविवारी पोचतील. सेवालालले जप. त्याच्या तांड्यावरून सातवीपर्यंत आलेलं हे पहिलंच पोर हाये. त्याची माय नानीबाई मले दर बाजारात विचारते, गुरुजी, सातवीची फायनल परीक्षा झाली की पोरगा मास्तर होईल ना? मी हो म्हणून बसलो हावो.

इथंही मी एकटाच उरलो. पण आमच्या इकडचे साहेब वेगळे, ते फाल्गुनात येतात, म्हणून पोरं देतो. मंगळवारी परत धाडजो.

लेकरायले गोड पापा. तुझा,
मारोत


मु. आंबटेक
ता. २७ फेब्रुवारी १९३२

चि. सौ. गोजरा हिस,
आशीर्वाद.

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहाले बसलो की कागद फाडून टाकत होतो.

खर्चकपातीत बोर्डानं एक डिप्टीच कमी केला, हे आपल्याले कोणी सांगितलं? तुमच्याकडची तपासणी करून तेच साहेब बुधवारी सकाळी माह्या दारात उभे. पोरं रातीच परत आली होती. पण साहेबानं ती तुह्या गावात पाह्यलेली! मी दोघा पोरायले मागच्या दारानं तांड्यावर हाकललं. राह्यलेल्या पोरायनं साध्या व्याजाच्या हिशेबात माती खाल्ली. ज्या दोघायले मी चार वर्षं घडवलं, त्यायलेच लपवून मी साहेबापुढं मान खाली घालून उभा होतो.

काल हुकूम आला. या भागात एकच सातवी राहील, अन् ती निकाल चांगला त्या गावची. सावळगव्हाणची राह्यली. आंबटेकची एक तारखेपासून बंद.

मले गुलाबरावायचा राग नाही. पण फायनलले शाळेमार्फतच बसता येते. लखीरामच्या बापानं त्याले कामाले लावलं. सेवालालले तरी पटावर घ्या अन् परीक्षेपर्यंत तुह्या घरी ठेव. एवढंच मागतो.

मारोत


मु. सावळगव्हाण
ता. ९ मार्च १९३२

ती. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

कोणत्या तोंडानं लिहू? हे नाही म्हणतात. सेवालाल साहेबापुढं रामकिसनच्या नावावर बसला होता. साहेबानं त्याची पाठ थोपटली, शेऱ्यात रामकिसनचं नाव लिहून गेले. आता तेच पोर सेवालाल म्हणून पटावर चढलं अन् साहेब परीक्षेले आले, तर दोन्ही घरच्या चुली विझतील असं हे म्हणतात.

मी भांडली, दोन दिवस यायच्याशी बोलली नाही. मंग म्हणाले, तुह्या भावानं पोरं आपखुशीनं देली होती. वर सांगतात, तो खरा रामकिसन तर केव्हाच रिसोडले कापसाच्या जिनात कामाले लागला, नाव तेवढं पटावर हाये, संख्या भरावी म्हणून.

दादा, आमची शाळा राह्यली त्याचे पेढे यायनं वाटले. मी एकही तोंडात घातला नाही.

मोठ्या मनानं लोभ ठेव.
गोजरा


मु. आंबटेक
ता. १७ मार्च १९३२

चि. सौ. गोजरा हिस,
आशीर्वाद.

सेवालालले सांगितलं की तिथं घेत नाहीत. तुह्या पत्रातलं सारंच सांगितलं, लपवाले आता काय उरलं? पोर म्हणे, गुरुजी, मी रामकिसनच बनून जातो. साहेबाले तोच माहीत हाये.

मी त्याले समजावलं, बाबू, दाखल्यावर नाव दुसऱ्याचं येईल, बापाचंही दुसऱ्याचंच. पुढं मास्तर झाला तरी त्याच नावानं होशील. त्यानं विचारलं, पण होईन ना? नानीबाई बाजूलेच बसली होती. ती पदर तोंडाले लावून उठून गेली.

खरं सांगून त्याले त्याच्या नावानं बसवता आलं असतं. बोर्डाले दोन ओळी लिहायच्या होत्या. गुलाबरावायनं लिहिल्या नाही, मीही लिहिल्या नाही. आमच्या दोघायच्या नोकऱ्या राह्यल्या.

तर शनिवारी तो येईल. गुलाबरावायले सांग, घाबरू नका, तुमचा रामकिसन येऊन राह्यला, निकाल चांगलाच लागेल. चारचौघात त्याले त्याच नावानं हाक मारजो. पण घरात जेवाले वाढशील तवा सेवालाल म्हणत जा.

लोभाचं या खेपेले काही लिहीत नाही.
मारोत