लांबचं विद्यापीठ

काटेवाडी,
१२ जून १९५५

प्रिय पद्मास, तुझ्या तात्याचे आशीर्वाद.

तू मॅट्रिक पास झाल्याचं पत्र मिळालं. पुढं कुठं जाऊ, असं तू विचारलंस, तेव्हापासून रोज लिहायला बसतो आणि उठतो. पपईत शेरडं शिरली असं वाटतं, जाऊन बघतो तर काही नसतं. परत येतो तोवर शाई वाळलेली. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत. नातीनं मला विद्यापीठ विचारलं हे ऐकून शेजारचा गेणबा हसला. म्हणाला, "तात्या, तुमी बियाणं सांगा. इद्यापीठ कशाला सांगताय?" मला राग आला नाही. बियाणं घेतानासुद्धा मी चार जणांना विचारतोच.

तुझ्या शाळेच्या दत्तोपंत मास्तरांनी तुला अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र असं शिकायला सुचवलं, ते मला पटलं. तू लहान होतीस, उसाच्या पाचटावर बसून मला पाट्या भरायला मदत करायचीस. एकदा विचारलंस, "तात्या, पपई पिकवायची आपण, आन् भाव आडत्यानं का सांगायचा?" मी म्हणालो, तशी रीतच आहे. तू म्हणालीस, "रीत कुणी केली?" त्याचं उत्तर मला अजून आलेलं नाही. ते कुणी शिकवत असेल तर तू शिकावंस. पण मास्तरांनी पुणं आणि बडोदं अशी दोन नावं दिली आणि माझी झोप गेली. त्यांना येत्या शनिवारी सांगायचं आहे आणि मी अजून इथंच घोटाळतो आहे.

घरात सगळ्यांचं पुणं ठरलं आहे. मीही पुणंच म्हणत होतो. म्हणून मंगळवारी पपईच्या लॉरीबरोबर पुण्याला गेलो आणि मंडईत माल उतरवून, दोन चांगल्या पपया पिशवीत घेऊन, विचारत विचारत गणेशखिंडीला पोचलो. आडत्याकडं जाताना आपण फळ नेतोच, तसंच तिथल्या मुख्य मास्तरांनाही द्यावं असं मनात होतं. केवढी ती इमारत, केवढी झाडं. नळाचं पाणी पिऊन बघितलं, ते गोड लागलं. पण पोर एक दिसेना. पहारेकरी म्हणाला, "कुणाकडं आलाय, आबा?" मी म्हणालो, "कुणाकडं न्हाय. नात हितं शिकाया येणार हाय, जागा बघतो." तो म्हणाला, "बी.ए.ची पोरं हितं न्हाय शिकत, ती गावातल्या कॉलेजात. आन् आता सुट्टी हाय." जून महिन्यात कसली सुट्टी, असं मी विचारलं. तो म्हणाला, "हितं पेरणी नसती, आबा." मग मी तिथंच बसलो. एक पपई त्यानं चिरली, दोघांनी खाल्ली. दुसरी त्याच्या पोरांसाठी ठेवून आलो.

येताना गाडीत बडोद्याचाच विचार. मास्तर सांगतात, तिथं विद्यापीठ स्वतः शिकवतं, मुलींचं वसतिगृहही तिथंच. पण केवढं लांब. आधी मुंबई, मग तिथून पुढं रात्रभर गाडी. डाळीत गूळ घालतात म्हणे, आणि तुला गोड डाळ घशाखाली उतरत नाही. ताप आला तर उशाशी कोण बसेल? आता छबूमावशीकडं वालचंदनगरला शिकायला आहेस, तरी मी दर बाजाराला कुणाच्या तरी हाती निरोप धाडतो. बडोद्याला निरोप घेऊन कोण जाणार? हे सगळं मी गाडीत स्वतःशीच बोलत होतो. शेजारच्या बाईनं पोराला दुसरीकडं बसवलं.

इकडची खुशाली म्हणजे विहिरीला पाणी टिकून आहे. नवीन रोपं लागली. काळ्या गाईला कालवड झाली. गुरुवारी डाळजचे सावळारामराव त्यांच्या घरच्यांना घेऊन आले होते. तुझ्या आईनं पुरण घातलं होतं. माणसं चांगली आहेत, मोठ्या सडकेला लागून जमीन आहे. तुझी मॅट्रिकची बातमी ऐकून खूश झाले. त्यांचा मुलगा सारखा भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडं बघत होता.

तुला ठाऊक आहे, पुण्याचा माल आपण पिवळी झाक आल्यावर तोडतो, मुंबईचा हिरवा तोडतो. हिरवा तोडताना चीक फार गळतो, हाताची आग होते, म्हणून तुझा बाप लांबचा माल मलाच तोडायला लावतो. पुण्याला भाव पडला तर संध्याकाळच्या गाडीनं पाट्या परत आणल्यात मी कितीदा. मुंबईला गेलेली पाटी मात्र कधी परत आली नाही. ती तिथंच पिकते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. पाहुणे गेल्यावर मी पपईच्या ओळीत खाली वाकलो होतो. बांधावर तुझा बाप तुझ्या आईला म्हणाला, "पुण्यालाच घालू तिला. दिवाळीपतुर शिकू दे हौसंनं. सुपारी फुटली की सकाळच्या गाडीनं जायचं, सांजच्याला पोरगी घरात." तुझी आई म्हणाली, "आन् ती न्हाय म्हनली तर?" मोहन म्हणाला, "हितं आल्यावर कशी न्हाय म्हनंल?" तो वाईट नाही, पद्मा. त्याला तू जवळ हवी आहेस, मलाही हवी होतीस, म्हणून तर मी पुणं पुणं करत होतो. तर शनिवारी मास्तरांना बडोदं सांग. दक्षिणेकडची पपई माझ्या नावावर आहे, तिच्यावर तुझं शिक्षण होईल. मोहनला मी सांगेन की मी धाडली, काय बोलायचं ते मला बोलेल. हे पत्र गावच्या पोस्टमनच्या हाती न देता मी स्वतः बारामतीला जाऊन टाकतो आहे. जायच्या आधी भेटायला येऊ नकोस आणि दिवाळीलाही येऊ नकोस. दिवाळी झाली की मीच येईन, तिथलं पाणी पिऊन बघायला. फक्त सुट्टी नसेल असा दिवस कळव. मला पोरं शिकताना बघायची आहेत.

तुझाच,
तात्या